शिळी भाकरी तामसी, मग जीवाणू कोणत्या वर्णाचे?

सध्या आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक नवे ज्ञान फिरते आहे. एक आहारगुरू कॅमेऱ्यासमोर बसतो आणि सांगतो की माणसाच्या आतड्यात असंख्य जीवाणू राहतात, त्यांना वनस्पतींतली द्रव्ये लागतात, ती मिळाली की शरीर निरोगी राहते. इथपर्यंत ठीक आहे. पण पुढच्याच वाक्यात तो उडी मारतो. म्हणे आमच्या पूर्वजांचा सात्त्विक आहार हाच वैज्ञानिक, आणि मांस-मासे, कांदा-लसूण खाणाऱ्यांचे आतडेही तामसी आणि मनही तामसी. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. दुःख याचे वाटते की हे व्हिडिओ पुढे ढकलणाऱ्यांत बाबासाहेबांमुळे शिकलेली आपली मुलेही आहेत.

आमचे म्हणणे सरळ आहे. त्या व्हिडिओतले जीवाणू खरे आहेत, सात्त्विकता खोटी आहे. हे विज्ञान नीट वाचले तर ते ब्राह्मणी ताटाच्या बाजूने साक्ष देत नाही. ज्या अन्नाला या देशाने भरड, शिळे, उग्र, हलके म्हणून हिणवले, त्याच्या बाजूने ते उभे राहते. आणि ते निव्वळ शाकाहाराच्या बाजूनेही साक्ष देत नाही.

आधी विज्ञान समजून घेऊ, कारण ते त्यांच्या हातात सोडून चालणार नाही.

एका माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात असा अंदाज आहे, आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. ते तिथे फुकट राहत नाहीत. माणसाच्या स्वतःच्या शरीराकडे पिष्टमय पदार्थ तोडणारी विकरे जेमतेम दीड डझन आहेत. आतड्यातल्या बॅक्टेरॉइडिस थेटायोटाओमायक्रॉन नावाच्या एकट्या जीवाणूकडे दोनशेच्या वर आहेत. म्हणजे भाकरीतला, डाळीच्या सालीतला, पालेभाजीच्या देठातला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो लहान आतडे ओलांडून या जीवाणूंपुढे येऊन पडतो आणि तेच त्यांचे जेवण असते. तो आंबवून ते अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट अशी छोटी आम्ले तयार करतात. त्यातल्या ब्युटिरेटवर मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात. चोथा मिळालाच नाही, तर काही जीवाणू आतड्याच्या आतला चिकट थर खायला लागतात, म्हणजे आपल्याच घराची भिंत पोखरतात.

दुसरी द्रव्ये म्हणजे पॉलिफिनॉल. जांभळाचा तुरटपणा, तांबड्या ज्वारीच्या सालीचा रंग, कांद्याच्या बाहेरच्या पापुद्र्यातले क्वेर्सेटिन, चहातले टॅनिन. वनस्पती ही द्रव्ये आपल्यासाठी बनवत नाहीत. ऊन, बुरशी, किडे आणि चरणारी जनावरे यांच्यापासून बचाव व्हावा म्हणून बनवतात. यातली फार थोडी लहान आतड्यात शोषली जातात, बाकीची जवळजवळ सगळी मोठ्या आतड्यात पोहोचतात. तिथे जीवाणू त्यांची मोडतोड करून नवी द्रव्ये बनवतात. डाळिंबातल्या टॅनिनपासून युरोलिथिन बनते, पण सगळ्यांच्या पोटात बनत नाही. ज्याच्या आतड्यात तो विशिष्ट जीवाणू आहे त्याच्याच पोटात बनते. सोयाबीनमधल्या डेडझीनपासून इक्वोल बनवण्याचेही तसेच आहे. तेव्हा अमुक फळ खाल्ले की तमुक रोग गेला, असे सांगणारा माणूस एक तर अडाणी आहे किंवा त्याला पावडर विकायची आहे.

आता हे ज्ञान घेऊन आपण त्यांच्याच ग्रंथांकडे जाऊ.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन वर्ग केले आहेत. सात्त्विक म्हणजे रसाळ आणि स्निग्ध, तूप-लोण्यासारखे. राजस म्हणजे कडू, आंबट, खारट, तिखट, रूक्ष. तामस म्हणजे थंड होऊन गेलेले, रात्र उलटलेले, वास येणारे आणि उष्टे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तर लसूण, कांदा आणि अळंबी ही द्विजांना निषिद्ध आहेत, जाणूनबुजून खाणारा पतित होतो. ही यादी हातात धरा आणि वरच्या विज्ञानाशी ताडून पाहा.

कांदा आणि लसूण. या दोन्हींत इन्युलिन आणि त्याच्या जातीची फ्रुक्टॅन भरपूर असतात. माणसाला ती पचत नाहीत, पण बिफिडोबॅक्टेरियम या उपयोगी जीवाणूंना ती फार आवडतात. आज औषधाच्या दुकानात 'प्रीबायोटिक' म्हणून जी महाग पुडी मिळते, तिच्यात बहुधा हेच इन्युलिन असते. आपल्याकडे भाकरीवर बुक्कीने फोडलेला कांदा आणि लसणाची चटणी ही गरिबाची शिदोरी. मनूने जे पतित ठरवले तेच पुडीत भरून विकले जाते आहे.

रूक्ष आणि कडू. चोथा रूक्षच असतो आणि पॉलिफिनॉल बहुतेक कडू-तुरटच. जे स्निग्ध, पांढरे, चाळलेले, साल काढलेले, साखर घातलेले, ते मोठ्या आतड्यापर्यंत फारसे पोहोचतच नाही. शिरा-पुरी, साबुदाण्याची खिचडी, पांढरा भात आणि वर तूप. हे ताट शंभर टक्के शाकाहारी आहे, सोवळ्यातले आहे, आणि जीवाणूंच्या दृष्टीने तो जवळजवळ उपवासच आहे. गंमत म्हणजे साबुदाणा खाणाऱ्याचाही उपवास, आणि त्याच्या जीवाणूंचाही.

रात्र उलटलेले. शिजवलेले पिठूळ अन्न थंड झाले की त्यातल्या स्टार्चचा काही भाग पुन्हा घट्ट बांधला जातो आणि लहान आतड्याला तो तोडता येत नाही. त्याला रेझिस्टंट स्टार्च म्हणतात. शिळ्या भाकरीत, पाण्यात भिजवून ठेवलेल्या भातात तो ताज्यापेक्षा जास्त असतो, आणि तो जीवाणूंकडे जातो. ज्वारीचे पीठ रात्रभर आंबवून केलेली अंबील तर आणखी पुढची. आंबण्यामुळे धान्यातले फायटेट कमी होते आणि लोह-जस्त शरीराला मिळायला सोपे जाते. २०२१ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ३६ प्रौढांवर प्रयोग केला. आंबवलेले पदार्थ खाणाऱ्या गटाच्या आतड्यात दहा आठवड्यांत जीवाणूंची विविधता वाढली आणि दाह दाखवणारी द्रव्ये घटली. त्यांनी दही, किमची असे पदार्थ दिले होते. आपल्या अंबिलीवर असा प्रयोग कोणी करावा, अशी आमची इथल्या कृषी विद्यापीठांना सूचना आहे. गोमूत्रावरून थोडा वेळ मिळाला तर.

म्हणजे त्यांच्या ग्रंथांनी राजस-तामस म्हणून खालच्या पायरीवर टाकलेले निम्मे स्वयंपाकघर जीवाणूंच्या कामाचे निघाले. तरीही आम्ही असे म्हणणार नाही की आमच्या पूर्वजांना हे सगळे आधीच माहीत होते. तो धंदा त्यांचा. आमच्या आज्या अंबील करत, कारण ताक-पिठावर घर जगवायचे होते.

आता जगातला पुरावा. २०१० साली इटलीच्या संशोधकांनी बुर्किना फासो देशातल्या बूल्पाँ या खेड्यातली मुले आणि फ्लॉरेन्स शहरातली मुले यांच्या आतड्यातल्या जीवाणूंची तुलना केली. खेड्यातल्या मुलांचे अन्न काय होते? बाजरीसारखी भरड धान्ये, ज्वारी, चवळी आणि पालेभाज्या. म्हणजे सोलापूर-बीडच्या आपल्या माणसाला ओळखीचे ताट. त्या मुलांच्या आतड्यात प्रिव्होटेला आणि झायलॅनिबॅक्टर हे चोथा फोडणारे जीवाणू मुबलक होते. त्यांच्या पोटात उपयोगी आम्ले फ्लॉरेन्सच्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त होती. सात्त्विकवाले हा अभ्यास हमखास सांगतात. ते सांगत नाहीत ते आम्ही सांगतो. ती मुले शाकाहारी नव्हती. अधूनमधून कोंबडी खात, आणि पावसाळ्यात वाळवीसुद्धा.

दुसरा अभ्यास आम्हाला जास्त जवळचा वाटतो, कारण तो काळ्या बांधवांचा आहे. २०१५ साली पिट्सबर्गमधले २० आफ्रिकन-अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागातले २० जण यांच्या आहारांची दोन आठवडे अदलाबदल केली गेली. अमेरिकेतल्या काळ्यांमध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण फार मोठे, ग्रामीण आफ्रिकेत नगण्य. वंश एकाच मुळाचा, मग फरक कशाचा? अमेरिकन गटाचा रोजचा चोथा १४ ग्रॅमवरून ५५ वर नेला आणि चरबी कमी केली. आफ्रिकन गटाला बर्गर-फ्राइजचे अमेरिकी जेवण देऊन त्यांचा चोथा ६६ वरून १२ वर आणला. दोनच आठवड्यांत पहिल्या गटात ब्युटिरेट बनण्याचा वेग अडीच पट झाला, दुसऱ्यात तो निम्म्यावर आला. आतड्याच्या अस्तरावरच्या दाहाच्या खुणाही त्याच दिशेने बदलल्या. दोन आठवड्यांच्या खुणा म्हणजे प्रत्यक्ष कर्करोग नव्हे, हे खरे. पण 'यांचे रक्तच तसे' असे म्हणणाऱ्यांना उत्तर मिळाले. फरक ताटात होता, आणि ताट कोणाला काय मिळावे हे सत्ता ठरवते. यातही एक बारकावा आहे. अमेरिकन गटाला दिलेल्या त्या 'आफ्रिकी' जेवणात मासेही होते.

इथे आमच्यातलाच एखादा मित्र उत्साहात म्हणेल, मग झाले तर, आमच्या आजोबांचे अन्न सर्वश्रेष्ठ, तेच खाऊ. थांबा. येसकराच्या पाळीला घोंगडी पसरून दारोदार मागून आणलेले भाकरीचे तुकडे, ते वाळवून महिनाभर पुरवणे, याला आम्ही 'पारंपरिक आहारज्ञान' म्हणणार नाही. त्या वाळल्या तुकड्यांत रेझिस्टंट स्टार्च जास्त असेल. असू दे. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे-तुकडे टाकून द्यायला सांगितले, तेव्हा ते आहारशास्त्र सांगत नव्हते, स्वाभिमान सांगत होते. आणि ध्यानात घ्या, त्यांनी 'शाकाहारी व्हा' असेही सांगितले नाही. पुढे १९४८ साली 'द अनटचेबल्स' लिहिताना त्यांनी गोमांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध उलगडला, आणि ब्राह्मणही एके काळी गोमांस खात होते हे त्यांच्याच ग्रंथांतून दाखवले. ताटावरची पवित्रता हे राजकारण आहे, हा तो धडा. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांचे स्वयंपाकघर जसेच्या तसे मांडले, तेही याच परंपरेतले काम. त्यात अभिमान आहे, पण उपासमारीवर साखर पेरलेली नाही.

आता निव्वळ शाकाहाराच्या दाव्याकडे वळू. इथे ही वनस्पतीद्रव्ये स्वतःच साक्ष फिरवतात.

जी टॅनिन आणि फायटेट मोठ्या आतड्यातल्या जीवाणूंना चालतात, तीच लहान आतड्यात लोहाला धरून ठेवतात. डाळ, पालेभाजी, धान्य यांतले लोह त्यामुळे फार थोडे शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतला तर आणखी कमी. मांसातल्या, काळजातल्या, रक्तीतल्या लोहाचे तसे होत नाही. ते हीम या रूपात असते आणि टॅनिनच्या तावडीत फारसे सापडत नाही. भाकरी, कालवण आणि सोबत मटणाचे दोन तुकडे हे ताट दोन्ही बाजू सांभाळते. चोथा जीवाणूंना, लोह बाईच्या रक्ताला. नुसती भाकरी-भाजी एक बाजू सांभाळते. लिंबू पिळा, कडधान्याला मोड आणा, पीठ आंबवा, याने फरक पडतो आणि ते जरूर करावे. पण २०१९ ते २०२१ दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालची जवळजवळ ६९ टक्के मुले रक्तक्षयी निघाली. त्यांना लिंबू पिळायला सांगून मोकळे होणाऱ्याला आम्ही विचारू, लोहाचा स्वस्त स्रोत काढून कोणी घेतला? २०१५ साली या राज्याने बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आणली. गरिबाच्या ताटातले सर्वांत परवडणारे मांस गुन्हा ठरवले. आजही त्यावर एकही आहारगुरू व्हिडिओ करत नाही.

बी-१२ जीवनसत्त्वाची गोष्ट तर या गुरूंची पुरती पंचाईत करणारी आहे. आतड्यातले जीवाणू बी-१२ बनवतात, हे खरे आहे. पण ते बनते मोठ्या आतड्यात, आणि शरीर ते शोषून घेते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, म्हणजे आधीच्या स्टेशनवर. गाडी पुढे गेल्यावर आलेला माल. म्हणून जीवाणू कितीही पाळले तरी बी-१२ बाहेरूनच यावे लागते. दूध, अंडी, मासे, मांस यांतून, नाही तर गोळीतून. कोणाला स्वेच्छेने शाकाहारी राहायचे असेल तर राहावे, गोळी घ्यावी. आमचे भांडण त्या माणसाशी नाही. दुसऱ्याच्या लेकराच्या ताटातून अंडे उचलणाऱ्याशी आहे.

ते उचलले गेले आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने शाळेच्या पोषण आहारात अंडे आणले. 'शाकाहारी भावना' दुखावल्याचा आरडाओरडा झाला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने हात वर केले. अंड्यासाठी वेगळा निधी नाही, हवे असेल तर लोकसहभागातून करा. जिल्हा परिषदेच्या शाळेत कोणाची मुले जातात आणि तिथला 'लोकसहभाग' म्हणजे कोणाचा खिसा, हे मंत्रालयात माहीत नाही असे समजायचे का? तमिळनाडूत शाळेच्या दिवशी मुलाला अंडे मिळते आणि तिथे कोणाचा धर्म बुडालेला नाही. कर्नाटकात एका धार्मिक संस्थेने शाळेच्या जेवणातून कांदा-लसूणही वगळले होते, त्यावरून २०१९ च्या सुमारास मोठा वाद झाला. मुलांना ते बेचव जेवण जात नव्हते. अंडे नाही म्हणजे मुलाची वाढ खुंटते, कांदा-लसूण नाही म्हणजे मुलाच्या जीवाणूंचाही घास जातो. आणि हे सगळे आतड्याच्या आरोग्याच्या नावाने!

कुपोषित मुलाच्या आतड्याचे काय करता येते, हे ढाक्याने दाखवले आहे. तिथल्या मिरपूर वस्तीतल्या १२ ते १८ महिन्यांच्या कुपोषित मुलांवरच्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२१ साली आले. अशा मुलांच्या पोटातले जीवाणू वयाच्या मानाने कच्चे राहतात, असे आधी दिसले होते. म्हणून संशोधकांनी हरभरा, शेंगदाणा, सोयाबीन आणि कच्चे केळे यांचे मिश्रण तयार केले, ते जीवाणूंना वाढवेल असे बेतून. रूढ पूरक आहारापेक्षा त्यात उष्मांक कमी होते. तरी तीन महिन्यांत या मुलांचे वजन जास्त चांगल्या गतीने वाढले. हरभरा आणि शेंगदाणा! आपल्या अंगणवाडीला हे अवघड आहे का? मिरपूरसारख्या वस्तीत घाणीचे पाणी पिऊन मुलांचे आतडे पुन्हा पुन्हा सुजते, हेही त्याच वस्तीचे वास्तव आहे. चवदार तळ्याचा प्रश्न आज नळाच्या आणि गटाराच्या रूपाने तसाच उभा आहे, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय.

रेशनचे थोडक्यात सांगतो, कारण तुम्हाला ते रोज दिसते. ज्वारी-बाजरीला सरकारी कागदावर 'भरड धान्य' म्हणत. २०१८ ला ती 'पोषक तृणधान्ये' झाली, २०२३ च्या अर्थसंकल्पात 'श्री अन्न'. पाच वर्षांत शूद्राची मुंज झाली. पण दुकानातून पिशवीत पडतो तो मुख्यतः गहू आणि पांढरा तांदूळच, ज्वारी आली तर अधूनमधून. शेजारच्या कर्नाटकात रेशनवर नाचणी आणि ज्वारी देण्याची पद्धत आहे, मग इथे नियमित का नाही? शहरातल्या मॉलमध्ये तीच ज्वारी रंगीत पाकिटात चौपट भावाने बसली आहे. उंदरांवरच्या एका प्रयोगात चोथा फार कमी असलेला आहार पिढ्यान्‌पिढ्या दिला, तेव्हा चौथ्या पिढीपर्यंत जीवाणूंच्या कित्येक जाती नाहीशा झाल्या. नंतर चोथा देऊनही त्या परतल्या नाहीत. माणसाचे अगदी तसेच होईल असे नाही. पण पांढऱ्या तांदळावर आपली कितवी पिढी वाढते आहे, याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या घरात करावा.

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीतल्या तीन-चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत, आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यात वाटा आहे. आपल्या वस्तीतल्या किती आया त्या समितीत आहेत, हे आधी मोजा. नसतील तर पुढच्या निवडीला नावे द्या. असतील तर पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात तीन प्रश्न लेखी नोंदवून घ्या. अंड्याचा निधी परत कधी येणार? आमटीत कांदा-लसूण पडतो का, नसेल तर कोणाच्या आदेशाने? महिन्यात किती दिवस अख्खे कडधान्य शिजते? इतिवृत्ताची प्रत मागून घ्या आणि आम्हाला पाठवा. तालुकावार यादी करून आम्ही ती शिक्षणाधिकाऱ्यांपुढे ठेवणार आहोत.